मॅन्सफिल्डपर्यंत चार दिवस

गुरुवार, १० ऑक्टोबर. टॅलरूक. सकाळी ९
जनेलला बापाची अक्कल काढायची असेल तर माझ्या पाठीमागे काढावी. मोटारीतून सायकली उतरवता उतरवता म्हणते, आई, बाबांची मंगळवारची डॉक्टरची वेळ मी रद्द केलेली नाही. पोटची पोर. म्हटलं, चार दिवसांत एकशेवीस किलोमीटर सायकल मारून तुझा बाप मॅन्सफिल्डला पोचेल, मग तूच रद्द करशील. पोचला तर करते, म्हणाली. लिहून ठेवलं. वही कुणाला दाखवायची नाही, पण पोरगी उद्या शब्द फिरवील.
सायकली बॅटरीच्या, भाड्याच्या. रेल्वेचे रूळ उखडून ही वाट केलीय. माझा नवरा डेस याच लाइनीवर ड्रायव्हर होता. तो इथे काय चुकणार?

गुरुवार, संध्याकाळ. येय
अडतीस किलोमीटर. ढुंगणाचं काय झालं ते लिहीत नाही. मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपावतात म्हणून हेल्मेटांवर प्लास्टिकच्या काड्या खोचल्या होत्या. दोघं साळिंदरं दिसत होतो. पक्ष्याने तरी मलाच टोचलं.
डेस उत्तम. पुढचं गाव कुठलं, हे सातदा विचारलं, पण ते वाऱ्यात ऐकू येत नाही म्हणून. कान गेलेत, दुसरं काही नाही. पबमधल्या पोरीने त्याला विचारलं, काय आणू. मी सांगितलं, चिकन पार्मा. तो विचार करत बसतो आणि इकडे मला भूक लागते.
निश्चय: उद्यापासून त्याच्यावर चिडायचं नाही.

शुक्रवार, ११. सकाळी ७
चिडले. बॅटरीचा चार्जर फ्रिजमध्ये सापडला, दुधाशेजारी. मोटेलवाल्यांनी फ्रिज कपाटात दडवला तर माणसाने करायचं काय? माझी बॅटरी भरलेली, त्याची निम्मी. अदलाबदल केली. त्याला सांगितलं नाही. माझे पाय अजून चांगले आहेत.

शुक्रवार, दुपारी १२. चेव्हिअटचा बोगदा
अर्धा तास डेस आत जायला तयार नव्हता. ही एकेरी लाइन होती. त्या टप्प्याचा दांडा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, असा नियम. दांडा एकच, वर टप्प्याचं नाव कोरलेलं; तो हातात म्हणजे समोरून दुसरी गाडी येणार नाही. आमचं घर त्या दांड्यावर चाललं, मला शिकवायला नको. डेस म्हणे, दांडा मिळालेला नाही.
थट्टा. चेहरा न हलवता थट्टा करायची त्याची जुनी खोड आहे.
मग मीही केली. सायकलचा पंप काढून हातात दिला, म्हटलं, येय ते मोल्सवर्थ, ड्रायव्हर. त्याने उलटासुलटा करून पाहिला, वाचल्यासारखं केलं आणि निघाला. बोगद्यात शीळ घालत. मला माझंच कौतुक वाटलं. डॉक्टरांना काय कळणार आहे एवढं!

शुक्रवार, ४ वाजता. मोल्सवर्थ
एक गोष्ट विसरले. मी विसरले, तो नाही. दांडा घेतला की पुढच्या स्टेशनात परत द्यावा लागतो, स्टेशनमास्तरच्याच हातात. इथे मास्तर सोडा, स्टेशनही नाही. एक पाटी आणि गवत. डेस तीन तास पंप धरून उभा आहे. बसत नाही, पाणी घेत नाही. इतकी लांबवतात का थट्टा?
म्हटलं, आण इकडे, मी घेते.
"तुम्हाला देता येत नाही, बाई. मास्तरांना बोलवा."
तुम्ही. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. शिव्या सगळ्या देऊन झाल्या, तुम्ही कधी म्हणाला नव्हता.
म्हटलं, मी ड्रायव्हरची बायको आहे. कुठल्या ड्रायव्हरची, असं त्याने विचारलं, अगदी अदबीने. मग जवळ येऊन म्हणाला, "माझी घरी आहे. दिवस भरत आलेत तिचे. तोंड फार चालवते, पण घाबरलीय. कुणाला पाठवून सांगाल का तिला, गाडीला उशीर होतोय म्हणून?"
सांगते, म्हटलं.
जनेलच्या वेळी घाबरले होते, हे मी त्याला कधीच बोलले नव्हते.

शुक्रवार, ६ वाजता
तंबूंच्या मैदानावर एक माणूस गवत कापत होता, केशरी जॅकेटवाला. त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं, टोपी नीट केली, येऊन दोन्ही हातांनी पंप घेतला. "मिळाला, ड्रायव्हर." हसला नाही. भला माणूस.
डेस लगेच खाली बसला. म्हणाला, ग्लेनिस, चहा आहे का गं?
थर्मास रिकामा होता.
जनेलला फोन केला, ये म्हटलं. कशाला ते तिने विचारलं नाही. "तरी मी म्हणत होते," असं म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

सोमवार, १४. घरी
एकशेवीसपैकी चोपन्न. निम्मेसुद्धा नाहीत.
उद्या दहा वाजता डॉक्टर. सकाळपासून डेसकडून वार आणि महिना पाठ करून घेतेय. सोमवार येतो, पण उद्या मंगळवार असणार. ऑक्टोबर राहत नाही. शर्टाच्या बाहीवर आतून पेनाने लिहून दिला. मग बसून साबणाने धुऊन काढला.
डॉक्टर विचारतील ते डेसला विचारतील. उत्तर डेसनेच द्यायचं. कितीही वेळ लागू दे. ग्लेनिस, तू तोंड उघडायचं नाहीस.