येसरचा डबा

निलंगा
१८ एप्रिल २०१६

प्रिय शिवकन्या,

‘चि. सौ.’ सोडून ‘प्रिय’ लिहिलं म्हणून दचकू नको. म्हातारीचा यात काय डाव असेल, असं तुझ्या मनात येईलच, आणि यावंच. अकरा महिने माझ्या घरात काढलेस, तेवढं तरी शिकली असशील. फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘हां आत्याबाई, बरं आत्याबाई’ म्हणून मोकळी होशील आणि मलाही पुढचं बोलायला जमायचं नाही. कागद बरा. कागद तोंड पाडून बसत नाही.

इकडं टँकर आता दहा दिवसांनी यायलाय. टँकरवाला हौद पुरता भरत नाही अशी मला शंका आहे, म्हणून मी दर वेळी काठी बुडवून बघते. लातूरला तर रेल्वेनं पाणी आलं. तुझे मामंजी पेपर वाचून सांगतात की नवा जिल्हा होणार. मी म्हणते, होऊ द्या की, आधी नळाला पाणी येऊ द्या. तुझ्या नणंदेचं, महानंदाचं लग्न मात्र ठरल्या तारखेलाच आहे. व्याही म्हणाले, पाण्याची तजवीज आम्ही करतो, तुम्ही काळजी करू नका. एवढं गोड बोलतात म्हणजे काय मनात आहे कोण जाणे.

तर मूळ गोष्ट. तू आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मामंजींनी काजूकरीची वाटी बोटानं पुसून खाल्ली आणि म्हणाले, लातूरच्या हॉटेलात बसल्यावानी वाटायलंय की. पस्तीस वर्षांत माझ्या हातच्या कशाला त्या माणसानं साधं ‘बरं’सुद्धा म्हटलेलं नाही! त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. मिक्सर वाजत नाही, पाटा ओला होत नाही, कांदा परतल्याचा की खोबरं भाजल्याचा घरात वास नाही, आणि ताटात मात्र हॉटेल. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. मी टोपलीतले कांदे मोजायला लागले. कांदे तर रोज कमी व्हायचे, मग परतल्याचा वास का नाही? मुदखेडला माहेरी पाठवतेस की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. तू न्हाणीत गेलीस की मी मिक्सरचं भांडं हुंगायची, केराची बादली उपसायची, एकदा तर तुझं कपाटसुद्धा उघडलं. हे तुला माहीत नव्हतं. आता झालं.

आणि एक दिवस ज्वारीच्या कणगीत हात घातला तर पाकिटं लागली. लाल, चकचकीत, काजू-टमाट्याच्या तयार मसाल्याची. फोडायचं, कढईत ओतायचं, झालं हॉटेल! खरं सांगते शिवकन्या, मला राग कमी आणि आनंद जास्त झाला. सापडली बाई एकदाची. पण त्या दिवशी मी गप्प बसले. म्हटलं, वेळ आली की काढू.

वेळ कोणती काढली ते तू विसरणार नाहीस. महानंदाची सुपारी फुटली त्या दिवशी पाहुण्यांनी तुझ्या भाजीचं कौतुक केलं, आणि मी उठून तीन पाकिटं आणून पंगतीच्या मधोमध ठेवली. म्हटलं, हे बघा आमच्या सूनबाईचं सुगरणपण. कुणी हसलं नाही. तू एवढंच म्हणालीस, “पाणी वाचतं आत्याबाई, वाटण केलं की भांडी धुवायला लई पाणी लागतं.” मला वाटलं, काय सफाईदार खोटं बोलते. दुसऱ्या दिवशी माझा लेक मन्मथ तुला स्टँडवर सोडून आला. त्यालाही एक महिना झाला.

तू गेल्यावर मी पुन्हा गॅसपाशी उभी राहिले. तुमच्या मुदखेडकडं येसरात खोबरं हात राखून घालतात, आमच्यात सढळ. ज्वारी, गहू, डाळ, धने, खोबरं, सगळं भाजून दळलेलं, आणि चमचाभर पाण्यात सोडलं की आमटी. सासूबाईंनी तो डबा माझ्या हाती देताना सांगितलं होतं, लक्ष्मी, हा कधी रिता करू नको, जुनं मूठभर राहू दे आणि त्यावरच नवं घाल, बरकत राहते. मी डबा कधी रिता केला नाही, म्हणून कधी धुतलाही नाही. तुलाही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भाजी कसली का असेना, माझ्या येसरचा चमचा पडलाच पाहिजे. तू माझ्या डोळ्यांदेखत तो घालत आलीस.

तर मी आमटी केली. मामंजी चार घास खाऊन उठले, महानंदानं चटणीशी भाकरी खाल्ली. मला वाटलं, दोघं तुझ्या बाजूनं रुसलेत. मग शेजारची कोंडाबाई वाटीभर येसर मागायला आली. तिनं डबा उघडला आणि पदर नाकाला लावला. म्हणाली, “अगं बाई, हे तर पार खवट झालंय, किती वर्षांचं खोबरं गं?” मला वाटलं, जळते मेली. पण परवा मी गॅसजवळ बसून गहू निवडत होते आणि महानंदा गच्चीवरून ओरडत खाली आली. डाळ जळून कोळसा झाली होती, करपल्याचा वास गच्चीवर पोचला होता, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून खडे वेचत होते. मला तो आलाच नव्हता गं.

मग मामंजींना समोर बसवून विचारलं. मागल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला मला तो मोठा ताप आला होता, तेव्हापासून माझं नाक गेलंय. त्यांना अंदाज होता, पण बोलायची हिंमत नव्हती. तू यायच्या आधी सहा महिने तो माणूस खवट आमटी खाऊन गप्प होता. आणि तू पहिल्याच आठवड्यात ओळखलंस. त्यांना म्हणालीस, “मामा, आत्याबाईंना सांगू नका, त्यांच्या सासूबाईंचा डबा हाय तो.” माझा चमचा तर चुकवता येत नव्हता, म्हणून त्याचा खवटपणा झाकायला ती पाकिटं. कांदा तू रोज परतत होतीस, वास गल्लीत जायचा म्हणे. एवढं सगळं पोटात ठेवून तू भर पंगतीत फक्त पाण्याचं नाव घेतलंस. मी मात्र जन्मभर नाकानं कांदे सोलत राहिले, आणि ते नाकच नव्हतं.

माझं चुकलं, शिवकन्या. व्याह्यांच्या घरी काल जाऊन आले. पाकिटं जशी सगळ्यांसमोर काढली, तसंच हेही सगळ्यांसमोर सांगितलं. विहीणबाईंनी पाणी पुढं केलं, ते मी शंका न घेता प्यायले.

आता पत्राचं कारण. पुढच्या सोमवारी लग्नाचं येसर भाजायचंय. कढई कुठल्या वासाला उतरवायची, हे कढईजवळच्या पाटावर बसणारी ठरवते. आमच्यात तो पाट सासू गेल्याशिवाय सुनेला मिळत नाही. मी जिवंत आहे आणि तो तुला देते. मी बसले तर साऱ्या लग्नाची आमटी करपेल, आणि मला पत्ताही लागणार नाही. पाकिटं आणायची असतील तर उघड आण, कणगीत कोंबू नको. काल मी डबा पहिल्यांदा रिता केला. अख्खी घागर ओतून, शिकेकाईनं तीनदा घासला आणि उन्हात पालथा घातलाय. त्याचा वास गेला की नाही, हे मला कळत नाही. महानंदा म्हणते गेला, मामंजी म्हणतात गेला. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. तू येऊन सांग.

तुझीच,
आत्याबाई