नंदूचा पहाटेचा मिस कॉल

११ मार्च
नागपूरहून आत्ता आले. साडी बदलायच्या आधी लिहून टाकते. माझी किडनी नंदूला जुळते! अर्चनाची, त्याच्या बायकोची, जुळली नव्हती. आई-बाबा नाहीत. राहिले मी, त्याची एकुलती एक बहीण. मी तर तिथेच टेबलावर झोपायला तयार होते. पण डॉक्टरबाईंनी काट्यावर उभं केलं अन् चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सत्तरच्या खाली या, मग पुढचं बोलू. घाई करून नाही, रोजची सवय लावून या."
म्हणजे पंधरा किलो. तेलाचा अख्खा डबा.
नंदू हसला. "ताई, माह्यापायी तुले पातळ व्हा लागून राहिलं. भाऊजी खुश होतीन."
नंदू अन् अर्चना अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरले, मी पुढे अकोल्याला. गाडी सुटल्यावर आलूबोंडे घेतले, दोन प्लेट. तो समोर असता तर घेतले नसते. मले लाज कशी वाटत नाही.

१२ मार्च
नंदूचा फोन. झोप त्याला तशीही येत नाही, अंग खाजतं रात्रभर. म्हणे, "पाच वाजता मी मिस कॉल देतो. उठ, बूट घाल, निघ. वापस आली की तू मले एक दे. उचलायचा नाई पण. तू बोलत बसली का चालशीन कधी?"
फोन फुकट झाले तरी त्याच्या राजापेठच्या दुकानात पोरं अजून मिस कॉलवरच झेरॉक्स सांगतात, त्याला तीच सवय. ठरलं.

१९ मार्च
कानाला खडा. आठवडाभर काय जोर! नेहरू पार्कला पहाटे दोन तास, संध्याकाळी परत एक. वर पिंकीने पुण्याहून पाठवलेले व्हिडिओ पाहून उड्या. आज गुडघा नारळाएवढा. शाळेत नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर, मी खालीच. मुलींना खाली बोलावून व्हरांड्यात बीजगणित घेतलं. पिंकी म्हणते, "आई, बिगिनरचा होता तो व्हिडिओ!" आता माहीत मला, मी त्याच्याही अलीकडची आहे.
ह्यांनी मात्र गरम पाण्याची पिशवी आणून दिली, न मागता.

१४ एप्रिल
गुडघा बरा होऊन किती दिवस झाले. चालणं मात्र एक दिवस आड, मग दोन दिवस आड. अकोल्याचं ऊन. पाचलाही रस्ता तापलेलाच असतो, कूलर सोडून बाहेर जायचं जिवावर येतं.
आज पाचला फोन वाजला. पाहिला. कूस बदलली. सहाला जाग आली. तो वाट पाहत असेल. तशीच पडल्या पडल्या दिला मिस कॉल.
उद्या नक्की जाईन.

१५ एप्रिल
नाही गेले. दिला.

२ मे
हे आता नेहमीचं झालं. गजर लावल्यासारखी उठते, पडल्या पडल्या मिस कॉल देते, परत झोपते. त्याच्या मनाला बरं वाटतं ना, असं मीच मला सांगते. शाळेला सुट्ट्या आहेत, कारण शोधायचं म्हटलं तर एकही नाही.

११ मे
मामेबहिणीच्या मुलाचं लग्न, इथे अकोल्यातच. नंदू आला. डायलिसिस काल झालं होतं म्हणून जमलं म्हणे. चेहरा काळवंडला आहे. मंडपात सगळे मठ्ठ्यावर मठ्ठा पिऊन राहिले, अन् हा खिशातल्या छोट्या बाटलीतून घोट घेऊन झाकण लावतो. दिवसाचं पाणी तेवढंच.
माझ्या पानात जिलेबी. दुसऱ्यांदा घेतलेली. तोंडात घास, अन् मागून त्याचा आवाज. मामांना सांगत होता, "माही ताई रोज पहाटी चालून राहिली, मामा. एक दिवस खाडा नाई. मी साक्षीदार हाव ना!"
मामा म्हणाले, "वा वा, बहीण असावी तर अशी."
घास गिळता येईना. थुंकताही येईना. सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहून राहिले. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी हसले. हसले मी, अन् तो खुश झाला.

९ जून
नागपूर. काटा मार्चपेक्षाही दोन किलो वर. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, मान वर न करता म्हणाल्या, "भावाची तब्येत आत्ता ऑपरेशनसारखी आहे. तुमची असती तर तारीख दिली असती."
नंदूने तो कागद घेतला, घडी घातली. ऑटोत बसल्यावर म्हणाला, "मशीन खराब असन त्यायची."
मी "हाव" म्हटलं. शैला देशमुख, गणिताची शिक्षिका, काटा खोटा म्हणते!
गाडीभर तो माझ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा करत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१० जून
पाचला त्याचा मिस कॉल आलाच.
गेले. रडत रडत पार्कला फेऱ्या मारल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय झालं बाई, कोणी गेलं का घरचं?" म्हटलं, नाही हो बाबा, कोणी जाऊ नये म्हणूनच चालून राहिले.

२८ जून
अमरावतीला त्याच्याजवळ डायलिसिसला बसले. आजवर कधी बसले नव्हते, अर्चनाच जाते. तो हात लांब करून पडलेला, नळ्यांतून रक्त बाहेर जातं, परत येतं. सकाळ गेली त्यात. आठवड्यातून तीनदा. खाडा नाही करता येत त्याला. पाऊस असो, लग्न असो.
मशीन चालू असताना म्हणे, "ताई, कंटाळा येते का वं चालाचा?"
म्हटलं, येतो.
"मलेही येते याचा," म्हणाला अन् डोळे मिटले.

३० जून
दूधवाला बंद केला. मनाशी भांडून काही होत नाही, हे एवढ्या वर्षांत कळलं. आता पार्कच्या पलीकडच्या डेअरीतून दूध मीच आणणार, पायी. मी गेले नाही तर घरात चहा नाही.
हे म्हणाले, "तुह्या भावासाठी मी काऊन बिनचहाचा बसू?"
म्हटलं, मग उठवत जा मला.
हो-नाही करत तयार झाले. जाताना सरळ, येताना पार्काला वळसा, अन् दूध नासू नये म्हणून पाय उचलून. बस. उड्या नाही, दोन तास नाही. जेवणात भाकरी एक, भाजी पोटभर. बाकी काही नवीन नाही.

६ ऑगस्ट
पावसात छत्री धरून गेले. चप्पल चिखलात राहिली, दुधाची केटली राहिली हातात. डेअरीवाला म्हणतो, "मॅडम, घरपोच देतो ना, कायले त्रास घेता?" त्याला काय सांगू.
मिस कॉल आता खरा देते. फाटकाशी उभी राहून, श्वास लागलेला असताना. एप्रिल-मेचे खोटे किती होते ते मोजत नाही. मोजले तर दिवस वाईट जातो.

१४ सप्टेंबर
ब्लाऊज ढिले झाले. काटा खाली, हळूहळू पण खालीच. शिपाई ताराबाई म्हणाली, "मॅडम, आजारी हाव का?" इतकं गोड कोणी बोललं नव्हतं मला.
पण नंदूला परवा जिना चढताना दम लागला, अर्चना सांगत होती. माझं हे गोगलगायीचं चालणं पुरेल का? अजून सहा-सात किलो आहेत.

नवरात्र, आठवी माळ
केलं मी ते. कोणाला न विचारता. नऊ दिवसांचा नेम, लिंबूपाण्यावर राहायचं अन् दोन्ही वेळ अनवाणी देवीला. म्हटलं देवीही पावेल अन् काटाही. दोन्ही कामं एकदम. आमच्या घरच्या सगळ्या बायकांनी केलं आहे, मला काय होतं!
आज वर्गात फळ्यासमोर पडले. तळपाय चिरलेले होते, एकात पू झालेला. शुद्धीवर आले तर मुली वह्यांनी वारा घालून राहिल्या. ताराबाई साखर-पाणी पाजत होती अन् शिव्याही देत होती.

कोजागरीनंतर
नागपूर. काटा छान. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट बिघडलेले, पायाची जखम वाहती.
डॉक्टरबाई पहिल्यांदा चिडल्या. "उपवास कोणी सांगितला होता? एक दिल्यावर तुमच्याजवळ एकच किडनी राहणार. ती जन्मभर सांभाळायची आहे. मला तुमचा नवस नको, तुमचं ते दुधाचं चालणं पाहिजे."
जखम भरून सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. म्हणजे नवीन वर्ष.
आधी आळसानं वेळ घालवला, आता घाईनं. वेळ त्याचा होता, माझा नव्हता. बाहेर बाकावर नंदू माझी चप्पल हातात घेऊन बसला होता, पट्टीमुळे पायात जात नव्हती म्हणून.

भाऊबीज, अमरावती
ओवाळलं. ताटात त्याने खोका ठेवला. चालायचे बूट, माझ्या मापाचे. अर्चनाने माझी जुनी चप्पल मागच्या वेळी कागदावर आखून घेतली होती म्हणे.
"आता अनवाणी फिरशीन तं खबरदार," म्हणाला.
आज सांगणारच होते, एप्रिल-मेचं सगळं. तोंड उघडलं अन् म्हटलं, "अनारसा अर्धाच दे वं अर्चना." तो हसला, मग खोकत बसला.

१२ डिसेंबर
दूध, पार्क, मिस कॉल. थंडी मस्त. आता बूट घातल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. हे मला तेव्हा का नाही जमलं? इतकं सोपं होतं. केटली घेऊन निघायचं तर होतं.

२० जानेवारी
एकोणसत्तर! रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग नंदूचा कागद उघडला अन् हात काढून घेतला.
त्याचं हृदय कमजोर झालं आहे. फुग्यासारखं फुगलं आहे म्हणाल्या. आत्ता ऑपरेशन झेपणार नाही. औषधं देऊन पाहू, डायलिसिस वाढवू, सुधारलं तर घेऊ. सुधारतं काहींचं.
नंदूला बाहेर पाठवून मी विचारलं, "जूनमध्ये ऑपरेशन झालं असतं तर हे टळलं असतं?"
त्या म्हणाल्या, "असा विचार करू नका."
नाही म्हणाल्या नाहीत.

३ फेब्रुवारी
रात्री त्याला श्वास लागला, ॲडमिट केलं. आतल्या खोलीत, मशीनवर. दिवसभर अमरावतीलाच होते. काचेतून पाहिलं. त्याने बोटं हलवली, पायांकडे दाखवलं. मला वाटलं पाय दुखतात. अर्चना म्हणाली, "ताई, तुमचे बूट पाहून राहिले ते."
त्याचा फोन अर्चनाच्या पर्समध्ये. आत नेऊ देत नाहीत. शेवटच्या गाडीने परत आले, उद्या दुपारी पुन्हा जायचं आहे.

४ फेब्रुवारी
पाच वाजता मिस कॉल आला. नंदूचा नंबर.
उठून बसले. अर्चनाने दिला की तिने फोन आत नेऊन त्याच्या हातात धरला? माझ्यासारखाच कोणीतरी दुसऱ्याचं मन राखायला दिला? लावून विचारावं म्हणून बोट ठेवलं. काढलं. उचलायचा नाही, बोलायचं नाही, असं ठरलं आहे आमचं.
बूट घातले, केटली घेतली. परत आल्यावर फाटकाशी उभी राहून मिस कॉल दिला. दोनदा वाजेपर्यंत वाट पाहिली, मग कापला.
हे आतून म्हणाले, "आलीस का? चहा ठेवू?"