रामजन्माचा बार

न्यूनेन,
सोमवार, १३ सप्टेंबर २०२१

ती. सुचेताताईस,

नमस्कार. आम्ही दोघे बरे आहोत. लशीचे दोन्ही डोस झाले. शामलाने यंदा घरीच मातीचा गणपती केला, सोंड जरा जाड झाली. तुझा गुडघा कसा आहे? देवळाचं दार अजून बंदच का?

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "मोठ्याने बोल की रे" म्हणतेस आणि माझा आवाज आणखी बसतो.

रामनवमीच्या सकाळी मी काय केलं, ते तुला अर्धंच माहीत आहे. तुमच्याकडे दुपारचे बारा, इथे साडेआठ. घरीच ऑक्सिजन लावलेल्या नानांच्या कानाशी तू फोन धरला होतास. सलग दुसऱ्या वर्षी रामजन्माला देवळासमोर तोफ नाही, आपल्या घराचा मान चुकला, एवढंच ते पुटपुटत होते. मी मागच्या अंगणात माझी पितळी तोफ मांडून बसलो होतो. हातभर लांब, पूर्वी होड्यांच्या शर्यतीत इशाऱ्याला वापरत. जुन्या बाजारात दिसली तेव्हा आपल्या तोफेची धाकटी बहीण वाटली, म्हणून घेतली होती. चार वर्षं पुस्तकांच्या कपाटावर शोभेला होती.

बार झाला. नाना म्हणाले, "दारू कमी पडली रे नीळू." तू हसलीस आणि मग रडलीस. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगतेस, आमच्या नीळूने परदेशात रामजन्माचा बार काढला. मी विषय बदलतो. तुला तो माझा विनय वाटतो. विनय नाही, ताई. भीती आहे.

कुंपणापलीकडे योके आजी राहतात. वय चौऱ्याऐंशी. सात वर्षांच्या होत्या तेव्हा महायुद्धाची लढाई या गावात शिरली होती. दोन दिवस तळघरात काढले होते. त्या सकाळी चहा ओतत होत्या. आवाज झाला तशा टेबलाखाली शिरायला गेल्या आणि पडल्या. खुबा मोडला. अँब्युलन्स आली तेव्हा मी पडद्याआड उभा होतो. टॉवेलात गुंडाळलेली तोफ अजून कोमट होती.

दुपारी दोन पोलीस आले. दीड मीटर लांब उभं राहून विचारलं, "आवाज ऐकलात?"

मी म्हणालो, "हो. फटाका असावा."

शामला आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "अहो, आता गप्प बसा. नागरिकत्वाचा अर्ज दिलेला आहे आपला."

तोफ घेताना मी नियम वाचायला घेतले होते. शोभेची असेल तर एक, उडवता येत असेल तर दुसरं, इथवर आलो आणि थांबलो. पुढचं पान उलटलं नाही. ते त्या रात्री उलटलं. दारू बाळगायला परवानगी लागते, वस्तीत बार काढायचा तर वेगळी. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. खरं तर तेव्हा पान उलटलं नाही ते कळू नये म्हणूनच.

तेव्हापासून बेल वाजली की आधी पडद्याआडून बघतो. तोफ तांदळाच्या डब्यात लपवली. सकाळी जपाला बसलो की रामाचं नाव निम्म्यावर अडतं आणि कान दाराकडे जातात.

जूनमध्ये आजी वॉकर घेऊन इस्पितळातून घरी परतल्या. शामला त्यांना शिरा देते. गेल्या आठवड्यात कुंपणावरून मला म्हणाल्या, "नील, तू दिवसभर घरी असतोस, बरं वाटतं. पुन्हा तसा आवाज झाला तर मी तुलाच हाक मारीन."

ताई, त्यानंतर मला गप्प राहवेना.

शनिवारी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "कशासाठी?"

"वडिलांसाठी."

"ऐकला त्यांनी?"

"हो."

"मला आदल्या दिवशी सांगायचं होतंस. मी कान झाकून बसले असते." एवढं म्हणून त्यांनी दार लावलं. मग पुन्हा किलकिलं केलं. "पोलिसांकडे तू जाणार, की मी फोन करू?"

काल शामलाला म्हटलं, मी जातो. ती रडली. आज सकाळी मात्र तिनेच डब्यातून तोफ काढली, तांदूळ झटकले आणि धुतलेल्या टॉवेलात बांधून दिली.

चौकीत एका बाईंनी तासभर टाइप केलं. दारू उरली आहे का, म्हणून विचारलं. म्हणालो, नाही, कमीच पडली होती. त्यांना कळलं नाही. पुढे काय होईल ते सांगता येत नाही म्हणाल्या. दंड होईल, अर्ज अडेल, कदाचित इथून निघावंही लागेल.

आता कुणी आलं तर बार काढल्याची गोष्ट सांग, पण आजींचा खुबाही सांग. आणि हे पत्र नानांच्या फोटोसमोर मोठ्याने वाच.

तोफ देऊन आलो, ताई. आवाज माझाच होता असं लिहून खाली सही केली आहे.

तुझा
नीळू