मॅट्रिकवाल्यांचा नारळ

रत्नागिरी, शनिवार, माघ वद्य पंचमी

आज शाळेच्या बक्षीस समारंभाला गेलो नसतो तर बरं झालं असतं. गेलो तेही पाय दुखत होते आणि मांडवात एक बाक रिकामं दिसलं म्हणून. नव्या मुलांची बक्षिसं झाली, मग जुन्यांची पाळी. वर्ष पुकारलं की त्या वर्षी मॅट्रिक झालेल्यांनी पुढे जाऊन नारळ घ्यायचा. आमचं वर्ष आलं तसे म्हातारे मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊठ रे बाबू, लाजतोस काय मेल्या?"

मी इंग्रजी पाचवीतूनच गलबतावर पळालो, हे ते विसरले. पण मी का उठलो? नारळ घेतलाही. शेजारी बसलेला दत्तू, माझ्याच वर्गातला, हळूच म्हणाला, "गलबतावर परीक्षा घेतात काय रे?"

तेवढ्यावर मिटलं असतं. पण जाताना मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. "उद्या ये. कचेरीत जागा आहे. मॅट्रिक आहेस म्हणून चिठ्ठी लिहून देतो." हातात तो नारळ, आणि मी मान हलवली. त्यांची सही बघून साहेब पुढे काही विचारत नाही.

सकाळची बोट आहे. आजवर असं काही झालं की मी निघूनच गेलोय. आज पळायचाही कंटाळा आलाय. उजाडलं की मास्तरांकडे जाऊन सांगून टाकीन.