नाळेची डबी

कात्सुराउरा,
४ ऑक्टोबर २०१८

चि. सुमिए हीस,
अ. आ. वि. वि.

संत्र्यांच्या बागा अजून हिरव्याच आहेत, पण वारा बदललाय. संध्याकाळी बंधाऱ्यावर बसलं की समुद्र इतका गरीब दिसतो की याने कधी कुणाचं वाकडं केलं असेल असं वाटू नये. शाळेत बत्तीस वर्षं घंटा वाजवली, झाडू मारला. व्हरांड्यातून ऐकलेल्या कविता अजून तोंडपाठ आहेत. मास्तर गेले, मुलं गेली, शाळाही बंद झाली. कविता तेवढ्या माझ्याकडे मुक्कामाला राहिल्या.

आता कामाचं. बोटांचा बधिरपणा मनगटापर्यंत चढलाय. सदऱ्याचं बटण लागत नाही, जेवायच्या काड्यांतून घास निसटतो. परवा बाजारात हातातली अंडी पडली, तर मासेवाली सगळ्यांदेखत म्हणाली, तोकिजिसान, आज दुपारीच सुरू केलीत वाटतं! मी आपला हसलो. दारूचा वास मला सोसत नाही आणि गावाला मी दारुडा वाटतो. मरताना तरी तसा मरू नये एवढीच इच्छा आहे. म्हणून अर्ज केलाय, की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कारखान्याचा पारा माशांतून आमच्याही पोटात गेला, मला त्या आजाराचा रुग्ण म्हणा. पण सरकारने नकाशावर बाधित गावांभोवती रेघ ओढलीय, आपलं बेट तिच्याबाहेर पडतं. कचेरीतला मुलगा फार नम्र. कमरेत वाकून म्हणाला, आजोबा, तुमच्या अंगात तेव्हा पारा होता याचा पुरावा आणा. पासष्ट वर्षांपूर्वीचा!

तो पुरावा असू शकतो, असं डॉ. कुरोगी नावाच्या बाई म्हणतात. त्या बेटावर घरोघर फिरताहेत. आईने खाल्लेला पारा नाळेतून बाळाला जातो, आणि आपल्याकडे वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. नखाएवढा तुकडा मिळाला तरी त्यातला पारा आजही मोजता येतो म्हणे.

मी कपाट, देव्हारा, आईची पेटी, सगळं उपसलं. माझी डबी नाही. तुझी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाच्या सकाळी आईने ती दोन्ही हातांनी तुला दिली, तेव्हा मी दारात तुझ्या चपला लावत होतो. माझं लग्न झालं नाही, म्हणून माझी डबी आईने चुलीत घातली की काय, कुणास ठाऊक. तुझी पाठव. एकाच घरातलं, एकाच ताटातलं म्हणून काही उपयोग झाला तर होईल.

लोभ ओसाकापर्यंत पोचत असेल तर तिथूनही थोडा इकडे पाठवावा.
तुझा,
तोकिजि

---

ओसाका,
१५ ऑक्टोबर २०१८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर पाहून पोस्टमनने विचारलं, लहान मुलाचं पत्र आहे का. मी त्याला दम भरला, पण आत दुकानात येऊन बसले ती धिरड्यांचा तवा तापून धूर निघाला तरी उठले नाही. दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली.

माझी डबी रजिस्टरने पाठवते आहे. सोबत मिहोचीही. हा माझा आगाऊपणा समज. तुझ्या भाचीला जन्म दिला तेव्हा मी ओसाकात होते, तरी पंधरा वर्षं बेटावरचे मासे खाऊन आलेली बाई होते. आजवर हा विचार मनाच्या मागच्या खोलीत ढकलला होता, तुझ्या पत्राने दार उघडलं.

पण दादा, चपलांचं कशाला काढलंस? पंधराव्या वर्षी मी आगगाडीत बसून गिरणीत कामाला आले. खानावळीत वाटीभर पातळ सूप मिळायचं. तेव्हा तिकडे आई तुला सकाळ-संध्याकाळ गरम भात वाढत होती. चौतीस वर्षं ती तुझ्या एकट्याची होती. मला एक डबी मिळाली, ती तुझ्या डोळ्यांत अजून खुपते? उलट मीच जळायला हवं.

तुझी डबी कुठे गेली ते मला माहीत नाही. आईच्या वस्तूंना हात लावायचा हक्क तुझाच होता ना.

हाताला गरम पाण्याचा शेक दे. आणि राग ठेवणार असलास तर लोभाच्या शेजारीच ठेव.
तुझी,
सुमिए

---

कात्सुराउरा,
६ नोव्हेंबर २०१८

चि. सुमिए हीस,
अ. आ. वि. वि.

आकडे आले. आधी चांगलं सांगतो: मिहोच्या नाळेतला पारा कुठल्याही चारचौघींच्या लेकरासारखाच आहे. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

तुझा आकडा त्याच्या नऊपट. ऐकताना माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहू? आलं की बघा, इथेही सुमिएच पहिली! आईने विष वाटलं तरी मोठा वाटा धाकटीला. हे लिहिताना लाज वाटते, पण पासष्टाव्या वर्षी बहिणीशी खोटं बोलण्याइतका वेळ उरलेला नाही.

तुला आठवणार नाही, तू पाठुंगळी होतीस. आरोग्यखात्याची माणसं पारा मोजायला बायकांचे केस कापून नेत होती. आईने डोक्याला फडकं आवळून बांधलं आणि दारातच सांगितलं, आत्ताच न्हायलेय, ओले केस कापले तर सर्दी होते. ती माणसं वळल्यावर मला म्हणाली, आकडा निघाला तर बाबांचे मासे कोण घेईल? म्हणजे तिचाही कागद नाही. तिसरीत मी केलेली कविता तुला पाठ आहे:

निळ्या ओंजळीत सागर आणी चांदीचा हा मासा,
काटे काढून आई भरवी, कण ना उरे जरासा.

मास्तरांनी ती फळ्यावर लिहिली होती. त्या वर्षी आई काटे काढून भरवत होती ती तुला. मी शेजारी बसून स्वतःचे काटे स्वतः काढत होतो आणि कविता करत होतो.

तुझा आकडा तुझाच, तो माझ्या अर्जाला चालत नाही. कचेरीची मुदत तीस तारखेला संपते. डॉक्टरीणबाई म्हणतात, या बेटावर थोरल्या मुलाची डबी फेकणारी आई त्यांना अजून भेटलेली नाही. मला भेटली असावी. शेवटच्या आठवड्यात आईजवळ तू बसली होतीस, मी औषधं आणायला बोटीने ये-जा करत होतो. काही बोलली होती का? आठवून लिही.

लोभाचं काय, तो तुझ्याकडे कायम जास्तच होता. त्यातला उरलासुरला धाडावास.
तुझा,
तोकिजि

---

ओसाका,
१३ नोव्हेंबर २०१८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

मिहोचा आकडा वाचून मी दुकान बंद केलं आणि फरशीवर बसून रडले. आई म्हणून माझी सुटका झाली. मग तुझ्या पत्राचा राहिलेला भाग वाचला आणि वाटलं, मी सुटले, आणि दादाला मीच बांधून ठेवलंय.

तुझी डबी चुलीत गेली नव्हती. आईने ती उशीच्या खोळीत शिवून ठेवली होती. जाण्याच्या दोन दिवस आधी तिने मला टाके उसवायला लावले. म्हणाली, सुमिए, तुझी तुला दिली, तू तुझ्या घरी नांदतेस. तोकिजिचं कुणी नाही. त्याची मी बरोबर नेते. तिकडे गर्दीत तो मागून आला तर मला ओळखायला काहीतरी हवं. त्याला सांगू नकोस, तो जाऊ द्यायचा नाही.

आम्ही बायकांनी तिला न्हाऊ घालून पांढरा किमोनो नेसवला, तेव्हा तू बाहेर पाहुण्यांना वाकून नमस्कार करत होतास. मावशीची पाठ वळली तशी मी डबी आत सरकवली. शवपेटीचं झाकण लागलं. पुढचं तुला माहीत आहे. अस्थी वेचताना मी राखेत बघत होते, तेव्हा तू विचारलंस काय शोधतेस, आणि मी म्हटलं काही नाही.

आईने बजावलं म्हणून अकरा वर्षं गप्प बसले, असं म्हणता येईल. ते खरं नाही. मत्सराने गप्प बसले. मला डबी देऊन तिने मला देऊन टाकलं, आणि तुला मात्र घेऊन गेली. एवढं मोठं सुख तुला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटेना. मागच्या पत्रात तर चक्क खोटं लिहिलं. तेव्हा माझ्या मनात तुझा बधिर हात नव्हता रे, फक्त तुझी डबी धरलेला आईचा हात होता.

मी साक्ष द्यायला येते. डबी होती, माझ्या हातांनी दिली, असं कुठेही सही करून सांगेन.

लोभ मागण्याचं तोंड नाही. उरला असेल तर राहू दे.
तुझी,
सुमिए

---

कात्सुराउरा,
१९ नोव्हेंबर २०१८

चि. सुमिए हीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाल्या की साक्ष जोडू या, पण साक्षीतला पारा मोजता येत नाही. अर्ज बहुधा परत येईल. गाव मला दारुडा म्हणतच राहील.

तुझ्यावर चिडावं म्हणून मी बंधाऱ्यावर जाऊन बसलो. खूप प्रयत्न केला. वाटेत ती मासेवाली भेटली, तिला मी आपण होऊन वाकून नमस्कार केला. ती घाबरून म्हणाली, आज जरा जास्तच झाली वाटतं. असेल. जगात असलेला माझा एकमेव पुरावा आईने जाळून नेला, आणि मी माकडासारखा हसत होतो.

तू येच. साक्षीसाठी नको, अशीच ये. संत्री पिकायला लागलीत. मात्र एक गोष्ट त्याआधी कळव, जमलं तर उलट टपाली. मी लहानपणी तिच्या डाव्या कुशीला निजायचो. तू झालीस आणि ती जागा तुझी झाली, मला उजवीकडे सरकवलं. नीट आठव, घाईने लिहू नकोस: किमोनोत डबी तू कोणत्या बाजूला ठेवलीस?

लोभ आहे. उत्तरावर किती ते ठरेल.
तुझा,
तोकिजि