इंचाला साठ धागे

३ एप्रिल १९७९
ठरलं. १५ तारखेला अड्याळला मुलगी पाहायला जायचं. नाव रुखमिणी. वडील पुंडलिकराव, लुगडी विणतात, पण ओसरी बाजाराच्या रस्त्यावर. तिथं माझं 'टेरिलीन सेंटर' दुकान शोभेल. आजपासून मागावर बसणं बंद. बाबांना म्हटलं, सुती कापडाचे दिवस संपले. बाबा म्हणाले, मंग आंगातली बनियन काढून दे. म्हातारा चिडका झाला आहे.

आतापर्यंत तीन नकार आले. चौथा आला तर मला रडू येईल, इथं लिहून ठेवतो. येणार नाही म्हणा.

६ एप्रिल
भंडाऱ्याहून टेरिलीनचा रेडिमेड शर्ट आणला. चुरगळत नाही, आटत नाही, तासाभरात वाळतो. इस्त्रीची गरजच नाही. तरी इम्प्रेशनसाठी एकदा फिरवीन.

७ एप्रिल, सकाळी ९
कोळशाची इस्त्री मस्त फुलवली, सुतीला लागते तेवढी. शर्टाची अख्खी पाठ इस्त्रीला चिकटून वर आली. सुती आधी पिवळं तरी पडतं. हे न सांगता वितळलं!
कोळसा निकृष्ट होता.

९ एप्रिल
बाबांनी मागावरचं कापड उतरवून दिलं. उभे धागे इंचाला साठ, आडवेही साठ, असं काहीतरी सांगत होते. ऐकलं नाही. बेसिक नॉलेज आहे मला. तुलाराम टेलर म्हणाला, कोरं कापड आहे, रातभर पाण्यात टाकून आण, मंग कापतो. म्हटलं, टाइम नाही. या लोकांना कामं टाळायची सवयच.

१३ एप्रिल
शर्ट आला. एकदम फिट! फक्त खळीमुळे पत्र्यासारखा कडक. आईला धुवायला दिला.

१४ एप्रिल
बाही मनगटाच्या चार बोटं वर. बटणं ताणून बसतात. आई म्हणाली, आटला न रे केवळराम. मला वाटतं छातीच भरली आहे. गेल्या महिन्यात दोन दिवस जोर काढले होते.

१५ एप्रिल, संध्याकाळी
भेट यशस्वी. रुखमिणीची नजर माझ्या बाहीवरून हटत नव्हती. तिनं विचारलं, इंचाले धागे किती? म्हटलं, भरपूर. उभा-आडवा धागा समजावायला दोन्ही हात पसरले, तर एक बटण उडून पुंडलिकरावांच्या चहात. सगळे हसले. फार मोकळी माणसं. निघताना तिनं विचारलं, कापड शिवाच्या आधी पाण्यात नव्हतं टाकलं काय जी? इतकी चौकशी कोण करतं! होकार पक्का. उद्या पाटी रंगवायला टाकतो.

२२ एप्रिल
पुंडलिकराव स्वतः आले! बाबांना म्हणाले, पोरीले तुमचं कापड लय पसंत पडलं, नवरदेवाच्या सदऱ्यासाठी पाच मीटर विणून द्या. मी लाजून खाली पाहिलं. बाबांनी विचारलं, नवरदेव कोण? म्हणाले, साकोलीचे ताराचंद मास्तर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पाण्यातून काढून द्या जी, पोरीनं मुद्दाम सांगतलं.

२३ एप्रिल
बाबांचे डोळे दुखतात. सकाळपासून मागावर मीच बसलो आहे. मोजले. खरंच साठ आहेत.
रडू आलं. कापडावर पडू दिलं नाही. पाणी विणून झाल्यावर द्यायचं आहे.