हिरव्या पाली, आमची पाल वाचेल का गं?

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय हिरव्या पाली,

तुला नीट बसून, सावकाश लिहायचं ठरवलं होतं. पण आत्ता घाईने लिहितोय, कारण माझ्या शेजारी चपलांच्या खोक्यात आमच्या घरातली पाल पडली आहे आणि ती जिवंत आहे की मेली, हेच मला कळत नाही. विचारू कुणाला? माणसांना विचारलं तर हसतात.

सकाळी ती ओट्याखाली, उंदरासाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर सापडली. चारही पाय अडकलेले. थेंब थेंब गोडेतेल सोडून मी एकेक पाय मोकळा केला. शेपूट तुटून तिथेच राहिलं. डोळे उघडे आहेत. पण तुम्हाला पापण्याच नसतात ना! मग उघड्या डोळ्यांवरून मी काय समजायचं?

तुझी ओळख माझ्या नातीने, तन्वीने करून दिली. मोबाइलवर चित्र दाखवलं. हिरवीगार, पाठीवर निळे ठिपके, पोट पिवळं.

"आबा, मॉरिशसच्या पुढे रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे, तिथली ही. आता एकही नाही."

मी सातवी शिकलेला, अंबडच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं. एखादं माणूस जातं हे मला माहीत आहे. पण जातच्या जात? एखाद्या फटीत एखादीही उरली नाही?

तन्वी म्हणाली, पहिल्यांदा तिथे राहायला आलेल्या माणसांच्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही यायचात, त्यांचं खरबूज खायचात. अगं, इतका विश्वास कशाला टाकलात? आमची बघ, दिवे लागल्यावर बाहेर येते आणि माणूस दिसला की भिंतीवरच्या फोटोमागे पळते. तुम्ही मात्र भर उन्हात ताडावरून खाली! उंदीर-मांजर काय असतं ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. ती जहाजांतून उतरली, झाडं तुटली, आणि तुम्ही संपलात. आता म्हणे परदेशातल्या संग्रहालयात काही जणी बाटलीतल्या औषधात आहेत. तो हिरवा रंगही राहिला नसेल.

तुम्हाला उंदरांनी संपवलं. हिला उंदराच्या पुठ्ठ्याने. मी कुणावर चिडू?

सूनबाईवर चिडून पाहिलं. ती दारातच उभी होती.

"आबा, पालीला हात लावलात. आधी अंघोळ करा, मग घरात फिरा."

"अंगावर पडली तर अंघोळ. मी उचलली आहे."

"हा नियम कुठल्या पंचांगात आहे? आणि उंदराने गॅसची नळी कुरतडली म्हणजे? विझवायला पालीला बोलवायचं?"

तिचंही चूक नाही. पण मी अंघोळीला गेलो आणि तेवढ्यात ही गेली तर?

ही पाल राहते माझ्या बायकोच्या, सुमनच्या फोटोमागे. पाल चुकचुकली की सुमन हातातलं काम थांबवून बोटाने जमिनीवर टकटक करायची, "कृष्ण कृष्ण" म्हणायची. ती गेल्यापासून ते मी करतो. घरात माझ्या उत्तराची वाट बघणारं दुसरं कोण आहे?

तुझा आवाज कसा होता गं? तुमच्यातली शेवटची बोलली असेल तेव्हा पलीकडून काहीच आलं नसेल. ती किती वेळ थांबली असेल?

आत्ता तिचा गळा हलल्यासारखा वाटला. पंख्याचा वारा असेल म्हणून पंखा बंद केला. चष्मा पुसला. खोक्यावरचा हात काढला, म्हणजे माझ्यामुळे खोकं हलायला नको. आता मला काहीच हलताना दिसत नाही.

सूनबाई आली. तिच्या हातात ओट्याखालचे उरलेले पुठ्ठे होते, घडी घालून चुरगळलेले. ती खोक्यावर वाकली.

"गळा हलला बहुतेक, आबा." मग सरळ होत म्हणाली, "उद्या तारेचा पिंजरा आणते. अंघोळ नंतर करा."

बहुतेक म्हणाली. नक्की नाही म्हणाली.

पाली, मी तुला शब्द देतो. ही परत चुकचुकली तर मी दोनदा टकटक करीन, एकदा हिच्यासाठी, एकदा तुझ्यासाठी. आणि नाहीच चुकचुकली, तरी रोज दिवे लागले की त्या फोटोखाली टकटक करीन. भिंतीत कुणी एकटं उरलं असेल, तर त्याला कळू दे की इकडे कुणीतरी ऐकतंय.

तुझा, पंखा बंद करून बसलेला,
आबा